ग्रहमालेंतील आघाततरंग आणि वेगवान विद्युत्कण

१८५९ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या दुसऱ्या तारखेस मुंबईंतील कुलाब्याच्या वेधशाळेंत एक विलक्षण गोष्ट नोंदली गेली. पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेण्यासाठीं तेथें टांगून ठेवलेल्या लोहचुंबकांचें स्थान ठराविक वेळीं डोळ्यांनीं पाहावयाचें व वहींत टिपावयाचें, असा परिपाठ होता. त्या दिवशीं हे चुंबक अकस्मात् आपल्या जागेवरून ढळले आणि पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक, आजच्या मापानें सांगावयाचें तर, सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं आला. सामान्य चुंबकीय वादळांत हा आंकडा शंभर-दोनशेंच्या घरांत असतो. वेधशाळेंतील माणसांनीं घाबरून न जातां आपलें काम चोख बजावलें. त्यांनीं लिहिलेलीं तीं पानें पुढें जवळजवळ दीडशें वर्षें फारशी कोणाच्या नजरेस न येतां पडून राहिलीं. २००३ सालीं मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील संशोधकांनीं परदेशांतील सहकाऱ्यांसह त्यांचा नव्यानें अभ्यास केला, तेव्हां त्यांचें मोल जगास कळून आलें. कुलाब्याचें हें कार्य नंतर अलिबागेस गेलें. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या धांवूं लागल्या म्हणजे त्यांच्या प्रवाहामुळें नाजूक चुंबकांचे वेध बिघडतील हें ओळखून १९०४ सालीं तेथें नवी वेधशाळा उघडण्यांत आली. शहरांत सुखसोयी आल्या कीं शास्त्रास गांव सोडावें लागतें, त्याचें हें एक जुनें उदाहरण.

या वादळाच्या आदल्या दिवशीं, म्हणजे १ सप्टेंबर रोजीं, इंग्लंडांतील रेडहिल येथें रिचर्ड कॅरिंग्टन हा ज्योतिषी सूर्यावरील डागांचें चित्र काढीत बसला होता. डागांच्या एका मोठ्या समूहावर त्यास दोन ठिकाणीं डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश एकाएकीं चमकलेला दिसला व सुमारें पांच मिनिटांत तो मावळला. त्यानंतर साडेसतरा तासांनीं पृथ्वीवरील चुंबक थरारले. प्रकाशास सूर्यापासून येथवर येण्यास आठ मिनिटें व कांहीं सेकंद पुरतात; तेव्हां साडेसतरा तासांनीं येऊन धडकलेली वस्तु प्रकाश नव्हे हें उघड आहे. पंधरा कोटी किलोमीटरांच्या अंतरास या वेळानें भागलें तर सेकंदास सुमारें २४०० किलोमीटर हा वेग येतो. एवढ्या वेगानें आलें तें काय? कॅरिंग्टननें स्वतः या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याची घाई केली नाहीं. १८९२ सालीं तर लॉर्ड केल्विनसारख्या थोर पदार्थविज्ञानवेत्त्यानें गणित मांडून असा संबंध अशक्य असल्याचें सांगितलें. सूर्याचें चुंबकीय बल प्रकाशाप्रमाणें दशदिशांस पसरत पृथ्वीपर्यंत येत असेल असें त्यानें गृहीत धरलें होतें. गणितांत चूक नव्हती, गृहीत चुकलें होतें. आणि अशी चूक थोरांच्या हातून घडली कीं ती दुरुस्त होण्यास फार दिवस लागतात.

सूर्य व पृथ्वी यांच्यामध्यें केवळ पोकळी आहे, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती. धूमकेतूचें पुच्छ नेहमीं सूर्याच्या विरुद्ध दिशेस वळतें, त्याअर्थीं सूर्यापासून कणांचा अखंड झोंत वाहत असला पाहिजे, असें अनुमान १९५१ सालीं लुडविग बीअरमान या जर्मन शास्त्रज्ञानें काढलें. १९५८ सालीं अमेरिकेंतील यूजीन पार्कर यानें त्याचें गणित दिलें. सूर्याचें बाह्य वातावरण दहा लाख अंशांहून अधिक तप्त आहे. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणास तें धरून ठेवतां येत नाहीं. म्हणून तें ध्वनीच्या वेगापेक्षांही अधिक वेगानें चहूंकडे वाहत राहिलें पाहिजे, असा त्याचा निष्कर्ष होता. हा लेख दोन परीक्षकांनीं नापसंत केला. ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या नियतकालिकाचे संपादक त्या वेळीं सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. त्यांनाही ही कल्पना रुचली नव्हती. परंतु परीक्षकांनीं गणितांतील एकही चूक दाखविलेली नाहीं हें पाहून त्यांनीं लेख छापला. चारच वर्षांनीं शुक्राकडे निघालेल्या ‘मॅरिनर २’ या यानानें हा सौरवात वाटभर मोजला. त्याचा वेग सेकंदास सामान्यतः ३०० ते ८०० किलोमीटर असतो. पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरांत त्याचे अवघे पांच-दहा प्रोटॉन सांपडतात, आणि त्याबरोबर सूर्याचें क्षीण चुंबकीय क्षेत्रही बाहेर ओढलें जातें.

याच यानास ७ ऑक्टोबर १९६२ रोजीं दुसरीही एक गोष्ट सांपडली. सौरवाताचा वेग, त्याची घनता आणि चुंबकीय क्षेत्र हीं तिन्ही एकाच क्षणीं, पायरी चढावी तशीं वाढलीं. त्यानंतर थोड्याच तासांनीं पृथ्वीवरील वेधशाळांतील चुंबकांनींही झटका दाखविला. ग्रहांमधील अवकाशांतून धांवणारा आघाततरंग प्रत्यक्ष यंत्रानें पकडल्याचा हा पहिला प्रसंग होय. चुंबकीय वादळाची सुरुवात इतकी तडकाफडकी होते, त्याअर्थीं असा तरंग असावा, अशी कल्पना टॉमस गोल्ड यानें त्यापूर्वींच मांडून ठेविली होती.

आघाततरंग म्हणजे काय हें समजण्यासाठीं कोणत्याही स्वयंपाकघरांतील मोरीपाशीं जावें. नळाखालीं पितळेची परात सपाट ठेवून धार सोडली म्हणजे धार पडते त्या जागेभोंवतीं पाणी पातळ थरानें झरझर पसरतें, आणि कांहीं अंतरावर एक वर्तुळाकार कड उमटते. त्या कडेच्या आंत पाणी उथळ व वेगवान, तर बाहेर खोल व मंद असतें. आंतल्या पाण्याचा वेग पाण्यावरील लाटांच्या वेगापेक्षां अधिक असल्यामुळें, पुढें अडथळा आहे ही वार्ता मागें पोंचवूं शकणारी लाटच तेथें नसते. म्हणून पाण्यास हळूहळू मंदावण्याची संधि मिळत नाहीं आणि सगळा बदल एका रेषेवर घडतो. ही कड जागच्या जागीं स्थिर आहे. तशीच कड जर पुढें धांवूं लागली, तर तो चालता आघाततरंग झाला. चाबूक हवेंत फिरविला म्हणजे त्याचें टोंक ध्वनीहून वेगानें जातें व कडाड् असा आवाज होतो, तोही आघाततरंगच.

सूर्यावर कधीं कधीं चुंबकीय क्षेत्राची गुंतागुंत एकदम उकलते, आणि अब्जावधि टन तप्त द्रव्य सेकंदास हजार, दोन हजार, क्वचित् तीन हजार किलोमीटरांच्या वेगानें बाहेर फेंकलें जातें. त्याच्यापुढें मंद गतीनें चाललेला सौरवात असतो. या वातांत दाबाची वार्ता नेणाऱ्या लहरी पृथ्वीजवळ सेकंदास पन्नास-शंभर किलोमीटरच जातात. फेंकलेलें द्रव्य त्याहून कितीतरी वेगवान असल्यामुळें त्याच्यापुढें, नावेच्या नाळेपुढें पाणी उसळावें तसा, आघाततरंग उभा राहतो व सूर्यमालेंतून धांवत सुटतो.

येथें मात्र एक मोठी अडचण आहे, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. हवेंत आघाततरंग उत्पन्न होतो, कारण हवेचे रेणु क्षणोक्षणीं एकमेकांवर आदळत असतात. एकास बसलेला धक्का तत्काळ शेजाऱ्याकडे जातो. सौरवात इतका विरळ आहे कीं त्यांतील एखाद्या प्रोटॉनाची दुसऱ्याशीं खरीखुरी टक्कर सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या सगळ्या प्रवासांत सरासरीनें एखादे वेळीं व्हावयाची. मग धक्का द्यावयाचा कोणी आणि घ्यावयाचा कोणी? जत्रेंतील दाटींत एकास ढकललें तर दहाजण हलतात. परंतु कोसकोस अंतरानें उभ्या असलेल्या माणसांत हें कसें व्हावें? तीं माणसें एका लांब दोराला बांधलेलीं असतील तरच. सौरवातांत हा दोर म्हणजे चुंबकीय क्षेत्र होय. विद्युद्भारित कण चुंबकीय बलरेषेभोंवतीं घिरट्या घालीत चालतो; बलरेषा कणांस धरून ठेवितात व कण बलरेषांस ओढून नेतात. त्यामुळें कणाकणांची टक्कर न होतांही धक्का पुढें सरकतो. पंधरा कोटी किलोमीटरांच्या मानानें या तरंगाची जाडी कांहीं शें किंवा हजार किलोमीटरांचीच, म्हणजे नगण्य असते. शास्त्रज्ञ त्यास टक्करविरहित आघाततरंग म्हणतात. नांव ऐकतांना परस्परविरोधी वाटतें, पण वस्तुस्थिति तशीच आहे.

हा तरंग सूर्याच्या जवळून निघत असतां रेडिओवर ऐकूंही येतो. ८ मार्च १९४७ रोजीं ऑस्ट्रेलियांत रूबी पेन-स्कॉट, यॅब्सली व बोल्टन यांच्या यंत्रांवर सूर्यावरून आलेल्या रेडिओलहरींचा मोठा स्फोट उमटला. तो प्रथम २०० मेगासायकलांवर, मग १०० वर व नंतर ६० वर, असा मिनिटां-मिनिटांच्या अंतरानें आला. स्फोटाचें कारण सूर्यावरून वर वर, अधिकाधिक विरळ थरांतून चढत आहे असा त्याचा अर्थ होता. कारण थर जितका विरळ तितकी त्यांतून निघणाऱ्या लहरींची कंपनसंख्या कमी. पुढें अशा स्फोटांस ‘दुसऱ्या प्रकारचे’ असें नीरस नांव मिळालें. चढणारें कारण म्हणजे आघाततरंग होय, हें मागाहून सिद्ध झालें.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळावयाचें. सौरवातांतील सामान्य प्रोटॉनाची शक्ति सुमारें ८०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. परंतु आघाततरंग जात असतां त्याच्याबरोबर लाखों, कोट्यवधि इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्तीचे कण वाहत येतात. ३० सप्टेंबर १९६१ रोजीं ‘एक्सप्लोरर १२’ या उपग्रहानें हें स्पष्टपणें पाहिलें. तरंग येण्यापूर्वीं कांहीं तास कणांची संख्या चढूं लागली, तरंग येतांच ती शिखरास पोंचली, व तो गेल्यावर उतरली. त्याच्याही अगोदर, १९४६ सालीं, अमेरिकेंतील स्कॉट फोरबुश यानें जमिनीवरील विश्वकिरणमापकांच्या नोंदी चाळून, १९४२ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत आणि १९४६ सालच्या जुलै महिन्यांत सूर्यावरील मोठ्या स्फोटांनंतर विश्वकिरण एकाएकीं वाढल्याचें दाखवून दिलें होतें. सूर्यावरून निघालेले कांहीं कण वातावरण भेदून भूपृष्ठापर्यंत परिणाम घडविण्याइतके बलवान असतात, असा याचा अर्थ. एका दुबळ्या प्रोटॉनास हजारोंपट, लाखोंपट बल देणारें हें यंत्र कोणतें?

चुंबकीय क्षेत्र कणाची दिशा वळवितें, वेग वाढवीत नाहीं, हें शाळेंतील पदार्थविज्ञानांतही शिकवितात. परंतु तें क्षेत्रच चालत असेल तर गोष्ट वेगळी. क्रिकेटची बॅट स्थिर धरली असतां तीवर सेकंदास २० मीटर वेगानें आलेला चेंडू फार तर तितक्याच वेगानें परत जाईल. पण जड बॅट सेकंदास १० मीटर वेगानें पुढें येत असेल, तर चेंडू सेकंदास ४० मीटर वेगानें परततो. बॅट चेंडूकडून पळ काढीत असेल तर उलट चेंडूचाच वेग घटेल. १९४९ सालीं एन्रिको फेर्मी यानें विश्वकिरणांची उपपत्ति लावतांना हीच युक्ति वापरली. ताऱ्यांमधील चुंबकयुक्त मेघ इतस्ततः हिंडत असतात. कण त्यांवर आपटतात. समोरून येणाऱ्या मेघाशीं गांठ पडण्याचे प्रसंग पाठमोऱ्या मेघाच्या मानानें थोडे अधिक, म्हणून शेवटीं जमेची बाजू किंचित् सरस. कल्पना सुंदर होती; परंतु नफा इतका अल्प कीं त्यावर व्यापार चालणें कठीण.

१९७७ व १९७८ या दोन वर्षांत रशियांतील क्रिम्स्की, अॅक्सफर्ड व त्याचे दोन सहकारी, इंग्लंडांतील बेल, आणि ब्लॅंडफर्ड व ऑस्ट्रायकर यांनीं जवळजवळ एकाच वेळीं व स्वतंत्रपणें ओळखलें कीं आघाततरंगापाशीं तोट्याचे प्रसंग येतच नाहींत. तरंगाच्या पुढील बाजूस शांत वारा आहे, मागील बाजूस दाबला गेलेला, खळबळलेला वारा आहे. पुढच्या वाऱ्यांत उभें राहून पाहिलें तर मागचा वारा चाल करून येत आहे असें दिसतें. आतां मागच्या वाऱ्यांत जाऊन पुढें पाहावें. तर पुढचा वारा अंगावर येत आहे असेंच दिसतें! म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींच्या जवळ येत आहेत. मध्यें सांपडलेला कण पुढें जावो कीं मागें येवो, प्रत्येक वेळीं त्याची गांठ समोरून येणाऱ्या बॅटशींच पडावयाची. चुंबकीय क्षेत्रांतील वेडेवांकडेपणा कणास वळवून पुनः पुनः तरंगाकडे धाडीत असतो, हेंच त्या भिंतींचें काम.

थोडें गणित केल्यास या यंत्राचा स्वभाव अधिक चांगला ध्यानांत येईल. समजा, तरंग पुढच्या वाऱ्याच्या मानानें सेकंदास १००० किलोमीटर वेगानें चालला आहे आणि तो वाऱ्यास चौपट दाबतो. अशा वायूस आघातानें दाबण्याची परमावधि चौपटच आहे. तरंगावर बसून पाहिलें तर वारा समोरून १००० च्या वेगानें येतो व मागून २५० च्या वेगानें निघून जातो. दोहोंतील फरक ७५०. कण निरनिराळ्या कोनांनीं तरंग ओलांडतात हें जमेस धरलें असतां एका फेरींत, म्हणजे एकदां मागें जाऊन पुनः पुढें येण्यांत, कणाच्या वेगांत सरासरीनें सेकंदास १००० किलोमीटरांची भर पडते. सेकंदास ४००० किलोमीटर वेग असलेला प्रोटॉन अशा चाळीस फेऱ्यांनंतर ४४,००० पर्यंत जाईल. त्या वेळीं त्याची शक्ति एक कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट झालेली असेल.

परंतु प्रत्येक कणास चाळीस फेऱ्या लाभत नाहींत. मागचा वारा तरंगापासून दूर वाहत असतो, व दर फेरीस कांहीं कण त्याच्याबरोबर वाहून जाऊन कायमचे मागें पडतात. हें गळतीचें प्रमाण काढलें तर मौज अशी कीं, चौपट दाबाच्या तरंगांत, तेंही बरोबर वेगवाढीच्या प्रमाणाइतकेंच निघतें. वेग शेंकडा दोन वाढला तर शेंकडा दोन कण गळतात. परिणामीं वेग दुप्पट होईतों निम्मे कण उरतात, चौपट होईतों पाव. वरच्या उदाहरणांतील चाळीस फेऱ्या पुऱ्या करणारा दहा-पंधरांतून एखादाच. सावकाराचें व्याज आणि घरांतील गळती एकाच दरानें चालावी तशी ही व्यवस्था आहे. कणांची वांटणी केवळ तरंग वाऱ्यास किती पटींनीं दाबतो एवढ्यावरच ठरते. क्षेत्र किती वेडेवांकडें आहे, कण कितीदां वळले, यांचा तींत संबंध नाहीं. कणांस तेथवर पोंचण्यास किती वेळ लागेल हें मात्र या गोष्टींवर अवलंबून असतें. ताऱ्यांच्या स्फोटांपासून सूर्यमालेपर्यंत अगदीं भिन्न ठिकाणच्या कणांची वांटणी सारखीच कां दिसते, याचा उलगडा या साध्या हिशेबानें झाला, आणि म्हणूनच या उपपत्तीस एवढें महत्त्व आलें. ग्रहांमधील बहुतेक तरंग चौपट दाबाचे नसतात, दुप्पट-तिप्पट दाबाचे असतात. त्यामुळें त्यांत गळती अधिक व बलवान् कण कमी.

अशा रीतीनें बळावलेले प्रोटॉन तरंगापुढें निसटून पळूं लागले म्हणजे तंबोऱ्याच्या तारेवर बोट फिरावें तशा पुढील बलरेषा कंप पावतात. त्या कंपांवर आपटून मागचे प्रोटॉन परत फिरतात. म्हणजे तरंगापुढची भिंत कणांनीं स्वतःच बांधलेली असते. जितके कण अधिक, तितकी भिंत भक्कम. भिंत भक्कम, तितका कणांचा वेग लवकर वाढणार. अर्थात् जेथें चुंबकीय क्षेत्र प्रबल तेथें हें सर्व झपाट्यानें घडतें. त्यामुळें अतिशय बलवान् कण बहुतेक सूर्याच्या सन्निध, तरंग नुकताच निघालेला असतांनाच तयार होतात, आणि पृथ्वीजवळ पोंचेपर्यंत त्याच तरंगाची धार बोथट झालेली असते.

बलरेषा तरंगाच्या तोंडाला समांतर आहेत कीं काटकोनांत त्यांत शिरतात, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. समांतर असतील तर कण तरंगाच्या तोंडावरूनच घसरत जातो आणि तेथें उत्पन्न झालेल्या विद्युत्क्षेत्राकडून एका झपाट्यांत बल मिळवितो. या मार्गानें लाभ जलद होतो; पण मंद कणास त्यांत प्रवेश मिळणें अवघड. प्रवेशाचा हा प्रश्न दुसऱ्या मार्गासही चुकलेला नाहीं. तरंग ओलांडून परत येण्याइतका वेग कणापाशीं आधींच असावा लागतो, आणि थंड सौरवातांतील बहुतेक कणांपाशीं तो नसतो. बीं कोठून येतें? याचा एक पुरावा कणांच्या जातींत सांपडला. हेलियम-३ हा सौरवातांत अत्यंत विरळ असतो, परंतु सूर्यावरील लहान ज्वालांतून निघणाऱ्या कणांत त्याचें प्रमाण कधीं कधीं हजारपट वाढलेलें असतें. आघाततरंगाबरोबर आलेल्या कणांतही तो वाजवीपेक्षां पुष्कळ अधिक मिळाला. तेव्हां पूर्वींच्या ज्वालांचे उरलेसुरले वेगवान कण वाटेंत रेंगाळत असतात व नंतरचा तरंग त्यांस उचलून घेतो, हें उघड झालें. भांडवल असलेल्यालाच कर्ज मिळावें, तसा हा प्रकार आहे.

हा विषय केवळ पंडितांच्या चर्चेपुरता नाहीं, हें १९७२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत प्रत्ययास आलें. त्या महिन्याच्या आरंभीं सूर्यावरील डागांच्या एकाच समूहांत एकामागून एक स्फोट झाले. आधींच्या तरंगांनीं वाटेंतील वारा झाडून काढल्यासारखा झाला होता. त्यामुळें ४ ऑगस्टला निघालेला तरंग अवघ्या १४.६ तासांत पृथ्वीवर पोंचला. कॅरिंग्टनच्या वेळच्या तरंगासही त्यानें मागें टाकलें. त्याच दिवशीं उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन आरमारानें समुद्रांत पेरलेले अनेक सुरुंग, जवळपास एकही जहाज नसतांना, एकाएकीं उडाले. हे सुरुंग जहाजाच्या पोलादाचा चुंबकीय परिणाम ओळखून फुटणारे होते. सूर्यानें दिलेल्या झटक्यास ते जहाज समजले. पण सुरुंगांहून अधिक भयंकर गोष्ट घडतां घडतां टळली. अपोलो १६ मधील माणसें एप्रिल महिन्यांत चंद्रावरून परतलीं होतीं व अपोलो १७ डिसेंबरांत निघावयाचें होतें. मधल्या त्या दिवसांत कोणी चंद्रावर केवळ अंतराळपोशाखांत हिंडत असता, तर त्या प्रोटॉनांचा मारा त्यास आजारी पाडण्याइतका झाला असता. पृथ्वीवर राहणारांस वातावरणाची जाड गोधडी आहे. चंद्रावर तिचा लवलेश नाहीं.

२००३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस असाच एक मोठा प्रसंग आला. २८ तारखेस निघालेला तरंग एकोणीस तासांनीं पृथ्वीवर आला. पण त्यापूर्वींच वेगवान प्रोटॉन येऊन पोंचले होते, आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या ‘सोहो’ यानाच्या छायाचित्रांवर बर्फ पडावें तसे पांढरे ठिपके उमटले. मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या ‘मार्स ओडिसी’ यानावर किरणोत्सर्ग मोजण्यासाठींच एक उपकरण बसविलें होतें. तें याच वादळांत कायमचें बंद पडलें. पाऊस मोजावयास ठेवलेलें भांडें पुरांतच वाहून जावें, तशी ही गत झाली.

२३ जुलै २०१२ रोजींचा तरंग पृथ्वीच्या दिशेनें आला नाहीं. सूर्याच्या दुसऱ्या बाजूस असलेल्या ‘स्टीरिओ ए’ या यानावर तो गेला. त्या वेळीं वेगवान कणांचा दाब चुंबकीय क्षेत्राच्या दाबाहूनही अधिक भरला. सामान्यतः तरंग मालक आणि कण चाकर; येथें चाकरच एवढे माजले कीं तरंगाचें रूप तेच ठरवूं लागले.

ज्ञानाच्या मार्गावर फजितीचे प्रसंगही येतात, आणि त्यांतील एक तर फारच नांवाजलेला आहे. सौरवात बाहेर वाहतां वाहतां शेवटीं आंतरतारकीय वायूच्या दाबास अडखळतो व तेथें, परातींतील कडेसारखाच, एक विशाल स्थिर आघाततरंग असतो. विश्वकिरणांचा एक विशिष्ट वर्ग तेथेंच तयार होत असावा अशी पुष्कळांची खात्री होती. १९७७ सालीं निघालेलें ‘व्हॉयेजर १’ हें यान डिसेंबर २००४ मध्यें, पृथ्वी सूर्यापासून आहे त्याच्या ९४ पट अंतरावर, ती कड ओलांडून गेलें. तेथें त्या किरणांचें शिखर दिसावयास हवें होतें. तें दिसलें नाहीं. २००७ सालीं ‘व्हॉयेजर २’ नें ८४ पट अंतरावर कड ओलांडली, तेव्हांही तोच अनुभव. कड सर्वत्र सारखी गोल नसून पुढच्या बाजूस चपटी असावी आणि खरें काम तिच्या दूरच्या कुशींवर होत असावें, असा एक तोडगा निघाला. दुसऱ्या कांहींच्या मतें हें काम कडेच्या पलीकडील चुंबकीय गुंत्यांत चालतें. सत्तावीस वर्षें वाट पाहून पाठविलेल्या दूतानें ‘तुम्हीं सांगितलेल्या घरीं कोणी नाहीं’ असा निरोप आणावा, यांत विज्ञानाचा पराभव मानण्याचें कारण नाहीं. पाठ्यपुस्तकांच्या लेखकांची मात्र पंचाईत झाली.

उलट दिशेनें सूर्याजवळ जाण्याचा उद्योगही झाला आहे. पार्करचेंच नांव दिलेलें यान १२ ऑगस्ट २०१८ रोजीं निघालें; तें उडतांना पाहण्यास नव्वदी ओलांडलेला पार्कर स्वतः हजर होता. ५ सप्टेंबर २०२२ रोजीं तें यान सूर्याच्या सन्निध असतांनाच एका प्रचंड स्फोटाच्या द्रव्यांतून व त्याच्या तरंगांतून सुखरूप पार झालें, आणि २४ डिसेंबर २०२४ रोजीं तर तें सूर्यापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरांवर गेलें. कण जेथें बळावतात त्या कारखान्याच्या दारापर्यंत मनुष्याचें उपकरण असें प्रथमच पोंचलें. भारताचें ‘आदित्य-एल् १’ हें यान २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघून ६ जानेवारी २०२४ रोजीं, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेस पंधरा लाख किलोमीटरांवर असलेल्या आपल्या कक्षेंत स्थिरावलें. त्यावरील जंबुपार किरणांची दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनें घडविली आहे, आणि सौरवात व वेगवान कण मोजणारें ‘अॅस्पेक्स’ हें उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेनें. १० मे २०२४ रोजीं पृथ्वीवर मोठें चुंबकीय वादळ आलें व लडाखांतील हान्ले येथूनही आकाशांत तांबडा ध्रुवप्रकाश दिसला.

पंधरा लाख किलोमीटरांवरील या पहारेकऱ्याकडून किती अगोदर सूचना मिळते, हें वेगावर अवलंबून आहे. सेकंदास ७०० ते १००० किलोमीटर वेगाचा तरंग तेथून पृथ्वीवर येण्यास पंचवीस ते पस्तीस मिनिटें घेतो; तेवढ्या वेळांत वीजकेंद्रांतील माणसांस कांहीं खबरदारी घेतां येते. दहा कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा प्रोटॉन तेंच अंतर बारा सेकंदांत तोडतो. त्याच्यापुढें हा पहारा निरुपयोगी. यासाठीं २००७ सालीं अॅरिक पोस्नर...